मागच्या चाकातील मळसूत्र

नांदेडास गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर, मागचा कॅलिपर बदलून चारच दिवसांपूर्वी गॅरेजातून बाहेर पडलेली माझी मोटार, हँडब्रेक ओढता येईल तितका ओढलेला असतानाही संथपणे नदीच्या दिशेने निघाली. शेजारच्या रसवंतीवाल्याने चाकाखाली दगड सरकवला नसता, तर प्रस्तुत लेखाचा विषय निराळा झाला असता. उतारावर चाकामागे दगड लावणाऱ्या ट्रकचालकांस मी आजवर अडाणी समजत आलो होतो. ते मत मी त्या दिवशी खारीज केले.

गॅरेजवाल्याने तक्रार ऐकताच केबल आवळून दिली. दोन दिवस पकड बरी वाटली. तिसऱ्या दिवशी चाक तापू लागले आणि पकड पुन्हा पूर्ववत झाली. अखेर लातुरास औसा रस्त्यावरच्या एका वृद्ध मिस्त्रीने गाडी उचलली आणि पहिल्या प्रथम ती आवळलेली केबल संपूर्ण सैल केली. दुखणे ढिलाईचे आणि उपचारही ढिलाईचाच, हे पाहून मी काहीसा अस्वस्थ झालो, हे कबूल केले पाहिजे.

लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९५३ साली ल मानच्या शर्यतीत जॅग्वारने त्याची कीर्ती केली. परंतु धावती गाडी थांबवणे निराळे आणि थांबलेली गाडी तासन् तास धरून ठेवणे निराळे. (युरोपीय नियमाप्रमाणे भरलेली मोटार २० टक्के उतारावर केवळ हँडब्रेकने स्थिर राहिली पाहिजे.) काही गाड्यांत यासाठी डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो, त्यांची कथा वेगळी. पुष्कळ गाड्यांत मात्र हात आणि पाय हे दोन स्वतंत्र अंमलदार एकाच पिस्टनवर हुकूम चालवतात: पायाचा हुकूम ब्रेक ऑईलच्या दाबाने पोहोचतो, हाताचा केबलने, केबल कॅलिपरमागचा छोटा दांडा ओढते, दांडा पिस्टनच्या पोटातील मळसूत्र पुढे रेटतो आणि मळसूत्र पिस्टनला. पॅड झिजत जाईल तसतसे अंतर वाढते. ते भरून काढण्यासाठी मळसूत्रावरचा नट पायाच्या दाबाबरोबर आपोआप किंचित फिरून पुढे सरकतो. अट एकच, की मागचा दांडा त्या वेळी आपल्या विसाव्याच्या जागी पूर्णपणे टेकलेला असला पाहिजे.

नवा कॅलिपर येतो तो पिस्टन तळाशी बसलेला, म्हणजे सारे अंतर भरून निघायचे बाकी असलेला. अशा वेळी केबल आधीच आवळली, तर दांडा अधांतरी राहतो, नट आपले काम सोडून देतो आणि आपण आवळतो तितके चाक घासत राहते. म्हणून मिस्त्रीने आधी पिस्टन तपासला. असा पिस्टन शिकंज्याने दाबून नव्हे, फिरवून आत घालावा लागतो, आणि त्याच्या तोंडावरच्या खाचेत पॅडमागची खुंटी बसली नसेल, तर पिस्टन स्वतःच फिरत राहून सारी तजवीज व्यर्थ करतो. माझ्या गाडीत ती खुंटी खाचेबाहेर होती! ती बसवून, वरच्या निपलातून हवा काढून, इंजिन चालू ठेवून त्याने पायाचा ब्रेक वीसपंचवीस वेळा सावकाश दाबला. मग दोन्ही बाजूंचे दांडे टेकलेले आहेत हे हाताने चाचपून पाहिले, आणि केबलचा नट केवळ तिचा झोल जाईल इतकाच फिरवला. हात खाली केल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरली. ओढल्यावर सहाव्या खटक्यास ब्रेक घट्ट लागला.

काही कंपन्यांच्या गाड्यांत हेच काम पायाऐवजी हाताचा ब्रेक वारंवार ओढून साधावे लागते, तेव्हा गाडीची पुस्तिका पाहणे इष्ट. कॅलिपर बदलून घेणाऱ्याने मात्र पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीस एक प्रश्न अवश्य विचारावा: केबल आधी सैल केली होती काय?