वागानोवाबाईंची अध्यापनविद्या
बॅले नर्तकीची रंगमंचावरील कारकीर्द बहुधा चाळिशीच्या सुमारास संपुष्टात येते. परंतु देहाने कष्टाने संपादन केलेले ज्ञान त्यासमवेत निवृत्त होत नाही, याचे अग्रिपिना वागानोवा यांच्याइतके उज्ज्वल उदाहरण विरळाच. सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यशाळेतून १८९७ साली उत्तीर्ण झालेल्या या बाईंना ‘बॅलेरिना’ हा प्रमुख नर्तकीचा दर्जा लाभला तो थेट १९१५ साली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. इतक्या विलंबाने मिळालेल्या यशानेच, मला वाटते, त्यांना कारणमीमांसेची सवय लावली. कारण १९२१ पासून त्याच शाळेत शिकविताना पाठ, बाहू व मस्तक यांना पावलांशी एकसूत्र करणारी जी पद्धती त्यांनी सिद्ध केली, १९३४ साली ग्रंथबद्धही केली, तिच्यातूनच मारिना सेम्योनोवा व गालिना उलानोवा या नर्तकी घडल्या.