दिसतं तसं नसतं (एक्सेलच्या सेलमध्येसुद्धा!)

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत मराठी हा फक्त मार्कांपुरता विषय होता, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या भांडणातून तो सुचला ते भांडण अगदी अस्सल मराठीत झालं होतं!

झालं असं. फेस्टच्या व्हॉलंटिअर्सना प्रवासखर्चासाठी १२,५०० रुपये मंजूर झाले. व्हॉलंटिअर्स ११०. एक्सेलची शीट मी बनवली. १२,५०० भागिले ११०, म्हणजे प्रत्येकी ११३.६३६३... ही एवढी मोठी शेपटी काही बरी दिसेना, म्हणून 'डिक्रीज डेसिमल'चं बटण दाबत गेले, ११४ होईपर्यंत. छान गोल आकडा. खाली बेरीज १२,५००. प्रिंट काढून आमच्या खजिनदार मैत्रिणीच्या हातात दिली आणि मी स्टेजच्या कामाला पळाले.

तिने यादीप्रमाणे ११४-११४ वाटले. शेवटच्या मुलापाशी आली तेव्हा पाकिटात ७४ रुपयेच उरले होते. बिचारीने ४० रुपये स्वतःच्या पर्समधून घातले. नंतर हिशेब तपासताना सरांनी कॅल्क्युलेटरवर ११४ गुणिले ११० केलं. आलं १२,५४०! शीट म्हणते १२,५००. "मोजताना लक्ष कुठे होतं?" हा प्रश्न चारचौघांत तिला विचारला गेला, मला नाही. चूक मात्र माझी होती, आणि ती मला त्या रात्री हॉस्टेलवर सेलवर क्लिक केल्यावर कळली. वरच्या फॉर्म्युला बारमध्ये अजून भागाकारच होता. ११४ हा आकडा त्या शीटमध्ये कुठेच नव्हता. तो फक्त दिसत होता.

मुद्दा एवढाच आहे. सेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात, आत साठवलेली किंमत आणि तिच्या अंगावरचा फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे कपडे! कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही. एक्सेल बेरीज करतं ती माणसांची, कपड्यांची नाही. म्हणून ११३.६३६३ ची ११० वेळा बेरीज बरोबर १२,५०० येते आणि वाटप मात्र ११४ ने होतं.

हे कपडे आपण स्वतःही शिवू शकतो. सेल निवडून कंट्रोल आणि १ दाबा, नंबर टॅबमध्ये सगळ्यात खाली 'कस्टम' आहे. तिथल्या 'टाइप' नावाच्या चौकटीत कोड लिहायचा. (मराठी विभाग असल्यामुळे इथे कोडमधले आकडे देवनागरीत छापलेत. टाइप करताना कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी आकडेच वापरा, नाहीतर मला शिव्या द्याल.)

दोन चिन्हं आधी ओळखून घ्या. ० म्हणजे 'इथे अंक दिसलाच पाहिजे, नसेल तर शून्य लाव'. # म्हणजे 'अंक असेल तर दाखव, नसेल तर गप्प बस'. म्हणून रोल नंबर ७ ला ००० हा कोड दिला की तो ००७ दिसतो, एकदम जेम्स बाँड! आत मात्र तो साधा ७ च असतो. कोणी 'रु.' वगैरे शब्द थेट सेलमध्ये टाइप करतात आणि मग बेरीज का होत नाही म्हणून डोकं आपटतात. तो शब्द अवतरणचिन्हांत घालून कोडमध्ये लिहा, "रु. "#,##०, म्हणजे सेलमधला आकडा आकडाच राहतो.

आता खरी गंमत. अर्धविराम देऊन कोडचे चार भाग करता येतात. पहिला धन संख्येसाठी, दुसरा ऋण, तिसरा शून्य, चौथा मजकूर. कॅन्टीनच्या उधारीसाठी मी हे बनवलंय:

"येणे "#,##०;"देणे "#,##०;"फिटले"

सेलमध्ये ६० असेल तर 'येणे ६०', उणे ६० असेल तर 'देणे ६०', आणि शून्य असेल तर 'फिटले'. पण एक सापळा आहे बरं का! दुसरा भाग तुम्ही स्वतः लिहिला की उणे चिन्ह आपोआप येत नाही, तेही लिहावं लागतं. इथे 'देणे' हा शब्द ते काम करतो. शब्द न लिहिता नुसतं #,##०;#,##० असं दिलं, तर नफा आणि तोटा अगदी जुळे भाऊ दिसतील. आणि तीन नुसते अर्धविराम ;;; दिले तर सेल रिकामा दिसतो, पण आतला आकडा बेरजेत चालूच राहतो. कोणाची शीट तपासायला घेतली तर हे आधी बघा.

आपल्या लाख-कोटींचं काय? विंडोजमध्ये भारताचं रिजन सेटिंग असेल तर स्वल्पविराम बरोबर पडतात. नसेल तर १२,३४,५६७ चं १,२३४,५६७ होतं आणि घरच्यांना दाखवलं की ते मनात परत मोजायला लागतात. त्यावर हा उपाय:

[>=१०००००००]##\,##\,##\,##०;[>=१०००००]##\,##\,##०;##,##०

चौकटी कंसात अट असते आणि उलट्या तिरक्या रेघेने स्वल्पविराम आहे त्याच जागी उमटतो. मात्र एका कोडमध्ये अशा दोनच अटी चालतात, उरलेलं सगळं तिसऱ्या भागात जातं. म्हणजे ऋण आकडेसुद्धा! बारा लाखांचा तोटा पुन्हा इंग्रजी पद्धतीनेच दिसणार. तोट्यासाठी वेगळा कोड लिहा किंवा तोटा करू नका.

तारीख हाही कपड्यांचाच प्रकार. एक्सेलसाठी १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून पुढे दिवस मोजत जायचं. १५ ऑगस्ट १९४७ टाइप करून फॉरमॅट 'जनरल' करा, १७३९४ दिसेल.

काही ठिकाणी मात्र कपडे नाही, माणूसच बदलतो. एक्सेल १५ सार्थ अंकच सांभाळतं, म्हणून १६ अंकी नंबर टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो. मग कुठलाही फॉरमॅट द्या, तो परत येत नाही. अशा सेलला टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करायचं. जनुकशास्त्रज्ञांनाही हाच त्रास झाला. 'मार्च १' नावाच्या जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली! एक्सेलला बदलण्यापेक्षा ते सोपं वाटलं असावं.

असो. प्रवासखर्चाच्या शीटला फॉरमॅट नाही, 'राउंड' फंक्शन हवं होतं. त्याने किंमत खरोखर ११४ झाली असती, खाली बेरीज १२,५४० आली असती आणि वाटपाच्या आधीच कळलं असतं की पैसे पुरत नाहीत. प्रत्येकी ११३ दिले असते तर उलट ७० रुपये उरले असते. 'सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड' नावाचा एक पर्यायही आहे, तो फाइलमधल्या सगळ्या किमती दिसतात तशा कायमच्या कापून टाकतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सरांना शीट उघडून दाखवली, भागाकारासकट. मैत्रिणीला ४० रुपये परत दिले आणि सॉरी म्हटलं. ती अजून माझ्या शीटवर विश्वास ठेवत नाही. प्रिंट हातात आली की आधी कॅल्क्युलेटर काढते.

आणि हो, ज्यांना याद्यांत देवनागरी आकडे हवेत त्यांनी [$-४०००४३९]० हा कोड वापरून बघा. दिसतील मराठी, बेरीज होईल नेहमीसारखीच.