मल्लखांब आणि पोटरीतील गोळा

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभट देवधरांनी पुन्हा नावारूपास आणलेला मल्लखांब आज महाराष्ट्रापुरता राहिलेला नाही. तामिळनाडूत विळुप्पुरम हे त्याचे नावाजलेले केंद्र असून, २०२४ च्या जानेवारीत चेन्नईसह चार शहरांत भरलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतही त्याला स्थान होते.

या खेळात हातांइतकाच, किंबहुना काही उड्यांत अधिक, भार पायांवर असतो. खांबाला एरंडेल चोळलेले. त्यावर उलटे झालेले शरीर तोलायचे ते मांड्यांच्या विळख्याने. दोरीच्या मल्लखांबात तर दोरी अंगठा व शेजारचे बोट यांत धरावी लागते. अशा वेळी पोटरीत गोळा आला तर पकड सुटते आणि खेळाडू मानेवर पडण्याचे भय असते.

गोळा का येतो? १९२३ च्या सुमारास इंग्लंडमधील कोळसा खाणींतल्या मजुरांच्या पाहणीवरून घामावाटे मीठ गेल्याने पेटके येतात, असे मत रूढ झाले. चेन्नईच्या दमट हवेत घाम वाळत नाही व तो अतोनात येतो, तेथे हे कारण सहज पटते. परंतु घाम साऱ्या अंगातून जातो; गोळा मात्र राबलेल्या स्नायूतच येतो. म्हणून अलीकडील पुष्कळ शास्त्रज्ञ मज्जातंतूंकडे बोट दाखवितात. स्नायूतील संवेदक आकुंचनाची चेतना देतात, तर कंडरेतील संवेदक तिला लगाम घालतात. स्नायू थकला की चेतना वाढते, लगाम ढिला पडतो. पाऊल टोकदार ताणले असता पोटरीचा स्नायू आखूड व कंडरा सैल झालेली असते. त्यात लगाम अधिकच दुबळा होतो.

म्हणून उलटी पकड सरावाच्या शेवटी, पाय थकले असता घेऊ नये. प्रत्येक पकडीची मुदत काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी व मध्ये विसावा घ्यावा. सराव लांबल्यास पाण्याबरोबर थोडे मीठही पोटात जावे. नुसते पाणीच फार पिणे हितकर नव्हे.

गोळा जाणवताच आधी खाली उतरावे. मग गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा नडगीकडे ओढून धरावा. कंडरा ताणली जाते आणि लगाम पुन्हा चालू होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात काकडीच्या लोणच्याचे आंबट खारे पाणी प्यालेल्यांचा गोळा सुमारे दीड मिनिटात सुटला. एवढ्या अवधीत मीठ रक्तात पोहोचत नाही. तेव्हा घशातून उठणारी एखादी प्रतिक्षिप्त क्रियाच त्याच्या मुळाशी असावी, असा तर्क आहे.