फेस तर हवाच, पण...

शनिवारी दुपारी शिफ्ट सुटली की महाड एमआयडीसीतल्या आम्हा बॅचलर मंडळींसमोर एकच यक्षप्रश्न असतो. आता काय? पुणं गाठायचं तर घाट, मुंबई गाठायची तर हायवे. रूमवर पडून राहायचं, तर मग काहीतरी उद्योग हवा. माझा उद्योग अमेरिकेहून आला.

सुट्टीत मामेभावाकडे पोर्टलंडला गेलो होतो. दादाच्या गॅरेजमध्ये जुना फ्रीज आणि त्यात स्टीलचे दोन उंच डबे. आत चक्क घरची बिअर! तिथे १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर बनवायला मुभा मिळाली. ते डबे म्हणजे कॉर्नेलियस केग. १९ लिटरचे, मुळात कोल्ड्रिंकच्या सिरपसाठी बनलेले.

आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये गॅस फारसा उरत नाही, ती सपक लागते. मग फेस आणायचे दोन मार्ग. एक म्हणजे केगमध्ये थोडी साखर घालून झाकण लावायचं. उरलंसुरलं यीस्ट ती खातं आणि दोनेक आठवड्यांत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दुसरा म्हणजे थेट सिलिंडर. दाब जास्त आणि तापमान कमी, तेवढा गॅस द्रवात जास्त विरघळतो. इंजिनिअरिंगला घोकलेला हेन्रीचा नियम, १८०३ सालचा! फ्रीजमध्ये ३-४ अंशांना १२ पीएसआय पुरतात, २० अंशांना तेवढ्याच गॅससाठी २८ लागतात. आठवडा-दहा दिवसांत काम फत्ते. घाई असेल तर ३० पीएसआयवर दीड दिवस. पण नंतर दाब उतरवायला विसरलात, तर ग्लासात नुसता फेस.

‘गॅस भरला म्हणजे झालं नाही,’ दादा म्हणाला. ‘मुरू दे.’ लोणच्यासारखंच. थंडीत काही आठवडे ठेवली की यीस्ट तळाशी बसतं, कच्चा वास जातो. केगची नळी तळातून ओढते, म्हणून पहिला गढूळ ग्लास ओतून द्यायचा.

येताना एक रिकामा केग घेऊन आलो. रूमपार्टनर सॉलिड खूश. ‘भाऊ, आता घरचीच!’ इथेच गाडी अडली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि बिअरही त्यातच आली. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, तेही परवाना काढूनच. उद्या केस झाली तर नोकरीचं काय? मी नाही म्हटलं. दोन दिवस अबोला.

मग आईने दिलेली अमृतकोकमची बाटली दिसली आणि ट्यूब पेटली. सोडा तरी कुठून आला? १७६७ मध्ये जोसेफ प्रिस्टलीने लीड्सच्या ब्रुअरीत, आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरून तो पहिल्यांदा बनवला. म्हणजे बिअरचाच नातेवाईक! बाजारातून फूड ग्रेड गॅसचा छोटा सिलिंडर आणला, फ्रीजचे कप्पे काढून केग आत बसवला, गार पाणी भरलं, गॅस सोडला आणि झोपलो.

सकाळी सिलिंडर रिकामा. झाकणाचं रबर नीट बसलंच नव्हतं. फ्रीज माझ्या उशाशी, मी खाली गादीवर. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, तो खालीच साठतो. खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. कंपनीत टाकीत उतरणाऱ्याकडे आधी परमिट मागणारा मी, आणि रूमवर हा शहाणपणा! दिवसभर हात थरथरत होते.

आता फ्रीज गॅलरीत आहे. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की काम बंद. त्यानंतरच्या शनिवारी लालभडक कोकम सोडा ग्लासात फसफसला. पार्टनरने एक घोट घेतला, मग दुसरा.

‘भाऊ, पुढच्या शनिवारी आलं-लिंबू?’

अबोला सुटला. केगमध्ये बिअर नाही, पण शनिवार मात्र मस्त मुरलाय.