नाक कुठे? कान कुठे?

दोन वर्षांचे मूल मध्यरात्री उठून रडू लागते. दूध घेत नाही, मांडीवर ठरत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी असे झाले तेव्हा आजीने मीठ-मोहऱ्या उतरवायला घेतल्या. आईने मात्र विचारले, "बाळा, बाऊ कुठे?" मुलीने कानावर हात ठेवला. सकाळी डॉक्टरांनी तपासले, तर कानाचा पडदा लाल झालेला. नजर कुणाची लागली नव्हती. सर्दीनंतर कान ठणकत होता. कान कशाला म्हणतात हे त्या मुलीला रोजच्या गाण्यातून कळले होते.

मुलाला बोलता येण्याआधी समजू लागते, हे आपण विसरतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला "नाक कुठे?" विचारले तर ते बोट लावून दाखवते, तोंडाने "नाक" म्हणणे पुढे येते. म्हणून शिकवताना शब्द, स्पर्श आणि हालचाल एकत्र हवी. "नाक" म्हणताना त्याच्या नाकाला बोट लागले पाहिजे. भिंतीवरच्या तक्त्यातले नाक या वयात फारसे उपयोगाचे नाही. आधी स्वतःचे, मग आईचे, मग बाहुलीचे, आणि चित्र सगळ्यांत शेवटी.

गाणे विकत आणावे लागत नाही. घरातल्या आजीला जात्यावरच्या ओवीची किंवा भीमाच्या पाळण्याची चाल पाठ असतेच. त्या चालीत शब्द आपले घालावेत: डोळे मिटू, पोट थोपटू, पाय आपटू. सुरुवातीला चार-पाचच अवयव घ्या आणि चाल संथ ठेवा. तेच गाणे आपल्याला कंटाळा येईपर्यंत म्हणावे. मुलाला येत नाही. चार दिवसांनी "हे बाळाचे..." म्हणून थांबा आणि वाट पाहा. त्या थांबण्यात मूल स्वतः हात उचलते. मोबाइलवरचे गाणे असे थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक नको.

शब्द घरचेच वापरा. घरात डोस्कं म्हणत असाल तर डोस्कंच म्हणा. शाळेत गेल्यावर डोके कळेलच. आपल्या बोलीची लाज मुलाला पाळण्यापासून कशाला शिकवायची? (ढोपर म्हणजे कुणाकडे गुडघा, कुणाकडे कोपर. यावर आमच्यातच एकमत नाही.)

अंघोळ घालताना हाच खेळ छान रंगतो. तेव्हा शूची जागा, शीची जागा यांचीही नावे न हसता, न लाजता सांगावीत. ज्या अवयवाला नावच नाही, तिथे कुणी वाईट हात लावला तर मूल सांगणार कसे? "इथे आई धुते, डॉक्टर आईसमोर पाहतात, बाकी कुणी नाही," एवढे वाक्य तीन वर्षांच्या मुलाला कळते. प्रसंग आलाच तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

नाचवताना मुलाला एका हाताला धरून उचलू किंवा झुलवू नका. लहानग्यांचा कोपराचा सांधा तेवढ्यानेही सरकतो आणि मूल तो हात हलवेनासे होते.

खेळाचा आणखी एक उपयोग आहे. कधी कधी हातवारे न करता, मुलाच्या पाठीमागे बसून विचारावे, "पोट कुठे?" समोर हातवारे पाहून सगळे करणारे मूल मागून विचारल्यावर नेहमीच गप्प राहत असेल, तर ऐकू कमी येत असण्याची शक्यता असते. दोन वर्षे पूर्ण होऊनही एकही अवयव दाखवत नसेल तरी थांबू नये. "त्याचा बापही उशिरा बोलला" हे उत्तर आम्ही फार घरांत ऐकले आहे. अंगणवाडी सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करते. तोवर थांबायचे नसेल तर सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे.

आणि मूल "पोत, पोत" म्हणून कुठेही दुखले तरी पोटच दाखवत असेल, तर त्याला खोटे ठरवू नका. या वयात पुष्कळ मुलांना सगळे दुखणे पोटातच वाटते. ताप आहे का, कान ओढते का, शू करताना रडते का, ते आपण पाहायचे.