चार आण्यांची विंच, बारा आण्यांचा मसाला

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात आषाढ-श्रावणाच्या दिवसांत पाऊस जणू थांबणेच विसरतो. मडिकेरीच्या आसपास डोंगरउतारांवर कॉफीचे मळे पसरले आहेत. त्या मळ्यांतून मुख्य रस्त्याकडे येणारी कच्ची वाट या काळात तांबड्या चिखलाचा ओहोळ बनते. ऑगस्ट २०१८ मध्ये या जिल्ह्यात मोठी भूस्खलने झाली आणि कित्येक वस्त्यांचा संपर्क तुटला. अशा मुलुखात चारही चाकांना गती देणारी गाडी ही चैनीची वस्तू नसते. कॉफीची पोती, खताच्या गोण्या, शाळेत जाणारी मुले आणि प्रसंगी रुग्णालयाकडे न्यावयाचा आजारी माणूस, या सर्वांचा भार तीच वाहते.

परंतु चारही चाके फिरत असली तरी चिखलात पकड मिळाली नाही, तर ती जागच्या जागीच फिरत राहतात आणि गाडी अधिकाधिक खोल रुतत जाते. मदतीला दुसरी गाडी नसेल तर अंधार पडण्यापूर्वी काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे गाडीच्या पुढील भागात बसवलेली विजेवरची विंच. पूर्वी नामांकित विदेशी बनावटीच्या विंचच्या किमती ऐकूनच अनेक जण तो विचार सोडून देत. आता कमी किमतीच्या विंच सहज उपलब्ध आहेत. म्हणूनच त्या घेण्यापूर्वी आणि बसवण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

रहाटाचा नवा अवतार

विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला आहे, त्यास विंच वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दोर गुंडाळणारा एक रूळ आणि तो फिरवणारी शक्ती, एवढेच तिचे मूळ तत्त्व. रहाटाला माणसाचे हात फिरवतात. विंचला गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर. मोटर अतिशय वेगाने फिरते, पण तिचा जोर तुलनेने अल्प असतो. म्हणून मोटर आणि रूळ यांच्यामध्ये दातेरी चक्रांची पेटी असते. ती वेग घटवते आणि त्या बदल्यात जोर वाढवते.

अमेरिकेतील वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी वाहनधारकांसाठी विजेवरची विंच बाजारात आणली. भारतात स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, २०१० मध्ये थार आली आणि दुर्गम वाटांवर गाडी नेण्याची हौसही वाढत गेली. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरू लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेमुळे विंचचे सामर्थ्य मराठी वाहनप्रेमींना अगदी जवळून पाहावयास मिळाले.

किती ताकद हवी?

विंचची क्षमता बहुधा पौंडांत लिहिलेली असते. सर्वमान्य ठोकताळा असा की, गाडीचे सामानासह जे एकूण वजन असेल त्याच्या किमान दीडपट ओढण्याची क्षमता विंचमध्ये असावी. समजा, गाडीचे भरलेले वजन २,२०० किलो आहे. दीडपट म्हणजे ३,३०० किलो. पौंडांत सुमारे ७,३००. म्हणजे ८,००० पौंडांची, अर्थात सुमारे ३,६२९ किलोंची विंच पुरेशी वाटते.

येथेच पहिली गफलत होते. खोक्यावर छापलेली क्षमता फक्त रुळावरील दोराच्या पहिल्या थरापुरती खरी असते. रुळाचा व्यास ६४ मिलिमीटर आणि दोराची जाडी ८ मिलिमीटर धरली, तर पहिल्या थराची त्रिज्या ३६ मिलिमीटर होते. चौथ्या थरावर ती ६० मिलिमीटरच्या घरात जाते. त्रिज्या वाढली की ओढ त्याच प्रमाणात घटते. म्हणजे चौथ्या थरावर उरते ती मूळ क्षमतेच्या सुमारे ६० टक्के, म्हणजेच २,१७७ किलो. हा आकडा गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही कमी आहे. चाकाच्या उंचीइतकी रुतलेली गाडी बाहेर काढण्यास जवळपास तिच्या वजनाइतका आणि मडगार्डपर्यंत रुतलेल्या गाडीस त्याच्या दुप्पट जोर लागतो, असे जाणकार मानतात. हे लक्षात घेतले की खोक्यावरील आकड्याचा भरवसा किती धरावा, हे आपोआप उमगते.

यावरचा उपाय मात्र फारसा खर्चिक नाही. दोर शक्य तितका लांब सोडावा, म्हणजे ओढ खालच्या थरावरून मिळते. समोरच्या भक्कम झाडाला रुंद पट्टा बांधून त्यावर कप्पी अडकवावी आणि दोर परत गाडीच्या हुकात आणावा. असे केल्याने वेग निम्मा होतो, पण ओढ जवळजवळ दुप्पट होते. शिवाय चाकांपुढचा चिखल फावड्याने उपसला तर निम्मे काम आधीच झालेले असते. स्वस्त विंचच्या मालकाने कप्पी आणि फावडे यांना विंचइतकाच मान द्यावा.

जमा थोडी, खर्च फार

पूर्ण भाराखाली अशी विंच १२ व्होल्टवर ४०० अँपिअरच्या आसपास वीज ओढू शकते. सर्वसाधारण गाडीचा अल्टरनेटर ८० ते ९० अँपिअर देतो. उरलेले तीनशेहून अधिक अँपिअर बॅटरीतून जातात. बचत खात्यात येणाऱ्या पगारापेक्षा चौपट रक्कम दररोज काढावी, तसाच हा व्यवहार. ६० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री अकरा-बारा मिनिटे टिकेल. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणून इंजिन चालू ठेवूनच विंच वापरावी, एका वेळी मिनिटभरापेक्षा अधिक काळ भाराखाली चालवू नये आणि मधल्या वेळात मोटर निवू द्यावी. बॅटरी जुनी असेल तर विंच घेण्यापूर्वी बॅटरी बदलणे श्रेयस्कर.

कमी किमतीच्या विंचमध्ये काटकसर बहुधा तारांत केलेली असते. तांब्याच्या १६ चौरस मिलिमीटरच्या तारेतून जाण्या-येण्याचा मार्ग मिळून चार मीटर धरला, तर ४०० अँपिअरला सुमारे १.८ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात आणि सातशे वॉटहून अधिक उष्णता तारेत निर्माण होते. हीच तार ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर हानी सुमारे ०.८ व्होल्टवर येते. मोटरचा जोर आणि तारेवरील आवरणाची सुरक्षितता या दोहोंसाठी हा बदल मोलाचा आहे.

ऋण टोकाची तार चॅसीला न जोडता थेट बॅटरीपर्यंत न्यावी. धन तारेत बॅटरीजवळच मोठ्या क्षमतेचा आयसोलेटर स्विच बसवावा आणि विंच वापरात नसताना तो बंद ठेवावा. तारांची टोके योग्य मापाच्या लगमध्ये यंत्राने दाबून घ्यावीत. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी बूच घालावे. तार सायलेन्सरपासून व फिरत्या भागांपासून दूर ठेवावी. या तारेला पत्र्याची धार लागून आवरण कापले गेले, तर उभ्या गाडीला आग लागण्यास क्षणही पुरतो.

बैठक पक्की, तर काम पक्के

या वर्गातील बहुतेक विंचच्या पायांतील छिद्रांचे अंतर २५४ गुणिले ११४.३ मिलिमीटर असते. त्या मापाची पोलादी बैठक गाडीच्या चॅसीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टांनी घट्ट बसवली गेली पाहिजे. पत्र्याच्या बंपरवर विंच बसवणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे. अडचणीच्या वेळी गाडी चिखलातच राहायची आणि बंपर मात्र दोराबरोबर निघून यायचा! चारही बोल्ट ८.८ किंवा त्याहून वरच्या प्रतीचे असावेत आणि ते नटमध्ये पूर्ण लांबीने बसले आहेत की नाहीत, हे मोजून पाहावे. बैठक वेल्डिंग करून घ्यावयाची असल्यास अनुभवी कारागीरच निवडावा आणि त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात.

विंच गाडीत चढवण्यापूर्वी टेबलावर ठेवून चालवून पाहावी. क्लच सहज सुटतो का, रूळ दोन्ही दिशांनी फिरतो का, जोडांतून पाणी शिरण्याजोगी फट दिसते का, हे सारे आधीच तपासता येते. स्वस्त विंच बहुधा पाण्यामुळे निकामी होतात, म्हणून नियंत्रण पेटी शक्य तितक्या उंच जागी बसवावी. विंच उघडून नवे ग्रीस भरणारेही पुष्कळ आहेत. तथापि तसे केल्यास हमी संपुष्टात येते का, हे विक्रेत्यास आधी विचारावे. बसवल्यानंतर क्लचच्या मुठीपर्यंत हात पोहोचतो का, हेही पाहावे. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे सारी खटपट पुन्हा करावी लागते.

पोलादी दोरासह विंचचे वजन ४० किलोंच्या आसपास जाते. पुढच्या स्प्रिंगांवर हा भार कायमचा पडतो, हेडलाइटचा रोख बदलतो आणि रेडिएटरकडे येणारी हवाही अडू शकते. कृत्रिम धाग्याचा दोर बराच हलका असतो; मात्र त्याला कडा गुळगुळीत असलेले मार्गदर्शक तोंड हवे आणि उन्हापासून व धारदार दगडांपासून जपणूक हवी.

पहिली ओढ

नव्या विंचवर कारखान्यात गुंडाळलेला दोर सैल असतो. तो तसाच वापरला तर भाराखाली वरचा थर खालच्या थरात रुततो आणि दोर खराब होतो. म्हणून मोकळ्या मैदानात, सौम्य चढावर, दोर जवळजवळ पूर्ण सोडावा. पोलादी दोराचे किमान पाच वेढे आणि कृत्रिम दोराचे त्याहून अधिक वेढे रुळावर ठेवावेत. नंतर हलका ब्रेक लावून गाडी विंचनेच पुढे ओढून घ्यावी. अशा ताणाखाली दोर वेढ्याशेजारी वेढा असा नीट बसतो.

ताणलेल्या दोरात प्रचंड शक्ती साठलेली असते. पोलादी दोर तुटला तर तो चाबकासारखा उसळतो आणि मनुष्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून दोराच्या मध्यावर जड गोधडी किंवा खास आवरण टाकावे, जाड हातमोजे वापरावेत, ताणलेला दोर ओलांडू नये आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभे करावे. दोर झाडाभोवती गुंडाळून त्याचा हुक त्याच दोरात अडकवणे ही मोठी चूक; त्यामुळे झाडाची साल जाते आणि दोराचे आयुष्यही.

कायदा, विमा आणि कर्ज

या विषयाची एक बाजू गॅरेजमध्ये सहसा चर्चिली जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील, असे बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढील अवजड संरक्षक दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले. अशा दांड्या पादचाऱ्यांना घातक ठरतात आणि एअरबॅगच्या कार्यातही अडथळा आणू शकतात, हे त्यामागील कारण होते.

तेव्हा विंच बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात आणि गाडीच्या निर्मात्याकडे लेखी विचारणा करावी. विमा कंपनीस कळवून पॉलिसीत तशी नोंद करून घ्यावी. अन्यथा अपघातानंतर दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. गाडीवर कर्ज असेल तर ती बँकेकडे तारण असते, म्हणून बँकेलाही पूर्वकल्पना द्यावी. ज्यांना ही परवानगी मिळत नाही, त्यांनी हाताने चालवावयाची ओढयंत्रणा, पट्टा, कप्पी, शॅकल आणि फावडे गाडीत ठेवावे. त्यासाठी गाडीत कोणताही बदल करावा लागत नाही. काम संथ होते, पण होते.

स्वस्ताईचा अर्थ

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण मराठी माणूस उपहासाने वापरतो. विंचच्या बाबतीत मात्र ती अंदाजपत्रकाची पहिली ओळ ठरावी. बैठक, जाड तारा, आयसोलेटर, चांगली बॅटरी, कप्पी, शॅकल, पट्टा, हातमोजे आणि कारागिराची मजुरी यांची बेरीज विंचच्या किमतीशी सहज बरोबरी करू शकते. म्हणून हाती जी रक्कम असेल ती सारी विंचवर खर्च करू नये. विंच साधी घेऊन मसाला उत्तम घेणारा माणूस बहुधा घरी पोहोचतो. महाग विंच घेऊन मसाल्यात हात आखडणाऱ्याची तशी खात्री देता येत नाही.

वर्षातून बहुधा एक-दोनदाच वापरावयाची ही वस्तू. उरलेले दिवस ती निमूट बसून असते. म्हणूनच महिन्यातून एकदा दोर थोडा सोडून परत गुंडाळावा, बोल्ट तपासावेत, बॅटरीची टोके स्वच्छ करावीत. आपत्काळासाठी बाजूला ठेवलेल्या ठेवीची मुदत आपण जशी वेळोवेळी पाहतो, तशीच ही पाहणी. पावसाळी रात्री, चिखलाने भरलेल्या वाटेवर, मागच्या आसनावर एखादे तापाने फणफणलेले मूल असताना मालक जेव्हा कळ दाबतो, तेव्हा त्या कोरड्या दिवसांतली काळजीच दोराला ताण देते आणि गाडी इंचाइंचाने पुढे सरकू लागते.