काम सुरू होण्याआधीचं काम

न्हावाशेवाला तीनशे मीटरांहून लांब कंटेनर जहाज लागतं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पायलटकडे, फार तर टगच्या मास्टरकडे असतं. गती कमी झाली की एवढं धूड सुकाणूला दाद देत नाही. मग टगच त्याला ओढतात, रेटतात, थोपवतात. आजचा बंदरातला टग पन्नास-साठ टनांची ओढ देतो. ही ओढ कागदावर इंजिनाची असते, पण तिचा भरवसा इंजिनियर देतो, आणि तोही टग धक्क्याला बांधलेला असताना.

याचं कारण टगच्या कामाच्या पद्धतीत आहे. खोल समुद्रातल्या जहाजाचं इंजिन दिवसेंदिवस एका चालीने चालतं. टगचं बराच वेळ नुसतं मंद फिरत राहतं आणि पायलटचा हुकूम आला की काही सेकंदांत त्याच्यावर पूर्ण भार येतो. मंद चालीत डिझेल नीट जळत नाही, टर्बोचार्जरच्या पात्यांवर काजळी धरते; पुढे एकदम भार पडला की तापमान झपाट्याने चढतं. त्यात बंदराचं पाणी गाळाचं आणि प्लास्टिकचं. थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी ज्या गाळणीतून आत येतं ती पिशव्यांनी तुंबली, तर इंजिन ऐन कामात तापणार. म्हणून ती आधीच उघडून साफ करायची, डिझेलच्या टाकीच्या तळाला बसलेलं पाणी काढून टाकायचं. प्रोपेलरला चहूकडे वळवणाऱ्या थ्रस्टरचं तेलही पाहायचं. ते दुधट दिसलं, तर सील गळतोय आणि पाणी आत शिरलंय. अशा वेळी ‘आज हा टग कामाला नको’ असं तोंडावर सांगावं लागतं. जहाज बाहेर खोळंबलेलं असताना हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

यावर कोणी म्हणेल, आता जागोजागी सेन्सर आणि अलार्म आहेत, त्यांच्यावर विसंबायला काय हरकत? २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ जहाजाची वीज गेली, ते पुलावर आदळलं आणि सहा कामगार दगावले. धक्क्यावरून काढून देणारे टग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आधीच परतले होते. चौकशीत मूळ सापडलं ते एका सैल तारेत. तारेवरची नावाची पट्टी नीट न बसवल्यामुळे ती तार जोडणीत पुरती शिरलीच नव्हती. वीज गेल्यावर अलार्म वाजतो, पण तार आधी ओढून पाहायला माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विजेवरचे टग आले की इंजिनियरची गरजच काय? ऑकलंड बंदरात २०२२ पासून सत्तर टन ओढीचा बॅटरीवरचा टग आहे. आपल्याकडेही २०२४ मध्ये हरित टग योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत न्हावाशेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर आहे. काजळी जाईल, हे मान्य. थ्रस्टर, सील, आग विझवण्याचे पंप मात्र राहतीलच. शिवाय उच्च दाबाची वीज आणि बॅटरी तापण्याचा धोका नव्याने येईल. डिझेलवर हात बसलेल्या माणसाला हे सगळं नव्याने शिकावं लागेल. तेव्हा नव्या टगच्या किमतीतच या प्रशिक्षणाचा खर्च धरायला हवा. तो वगळून केलेला हिशेब अपुरा आहे.